गप्प बसणें आणि शांत होणें

शाळेच्या वर्गांत दिवसभरांत जे शब्द सर्वांत अधिक वेळां उच्चारिले जातात, ते बहुधा "गप्प बसा" हेच असावेत. गुरुजी टेबलावर डस्टर आपटतात, पन्नास तोंडें एकदम मिटतात आणि क्षणभर भिंतीवरील घड्याळाची टिकटिक ऐकूं येऊं लागते. परंतु पुष्कळ वर्षें शिक्षकाच्या खुर्चींत बसून आम्हीं असें पाहिलें आहे कीं, ह्या मिटलेल्या तोंडांमागें गलबला तसाच चालू असतो. एकाचें मन मैदानावर चेंडूमागें धांवत असतें. दुसरा काल झालेलें भांडण मनांतल्या मनांत पुन्हां भांडत असतो. तिसऱ्याचा हात दप्तरांतील मोबाइल चांचपून पाहत असतो. आणि खरें सांगावयाचें तर खुर्चींत बसलेल्या आमच्या मनांतहि त्या वेळीं बाजारच भरलेला असतो. गप्प सारेच बसलेले असतात. शांत कोणीच नसतो. ह्या दोहोंतील अंतर कोणतें, ह्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावेत, असें बरेच दिवस मनांत होतें. शांततेविषयीं बोलावयाचें तरी शब्दच खर्चावे लागतात, ही अडचण आम्हांस ठाऊक आहे. वाचकांनीं ती पदरांत घ्यावी.

मोरणा नदीच्या कांठचें आपलें बत्तीस शिराळा हें गांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जिल्ह्यांचीं नांवें बदललीं तरी गांवाची ओळख बदलली नाहीं; येथील नागपंचमी साऱ्या देशांत गाजलेली. गोरक्षनाथ भिक्षेस आले असतां घरांतील बाई मातीच्या नागाची पूजा करण्यांत गुंतलेली होती, म्हणून भिक्षा घालण्यास तिला उशीर झाला. तेव्हां जिवंत नागाची पूजा करशील काय, असें त्यांनीं तिला विचारिलें, आणि तेथून ही प्रथा पडली, ही कथा येथील लहान मुलासहि ठाऊक असते. सणाच्या आधीं तरुण मंडळी रानोमाळ हिंडत, नाग धरून मडक्यांत ठेवीत, आणि पूजा व मिरवणूक आटोपली म्हणजे त्यांस पुन्हां रानांत सोडून येत. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. त्यास धरून मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं नाग पकडण्यास व त्यांच्या प्रदर्शनास मनाई केली, आणि मिरवणुकींतून जिवंत नाग गेले. २०२५ सालीं केंद्र सरकारनें शिक्षणाच्या हेतूनें मोजक्या माणसांस नाग पकडण्याची परवानगी दिली, परंतु खेळ व मिरवणूक ह्यांस ती नव्हती. ह्या वादांत आज आम्हांस पडावयाचें नाहीं. आमचें लक्ष निराळ्याच गोष्टीकडे आहे.

नागास बाहेरचा कान नसतो. कानाचा पडदाहि नसतो. जमिनीची थरथर त्याच्या जबड्याच्या हाडांतून आंतल्या कानापर्यंत पोंचते; हवेंतून येणारे खालच्या पट्टींतील आवाजहि सापांस कांहीं अंशीं जाणवतात, असें अलीकडील प्रयोगांत दिसून आलें आहे. पुंगीपुढें तो डोलतो तो सुरावर भुलून नव्हे, तर पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून. म्हणजे ज्यास आपले ताशे आपल्यासारखे ऐकूं येत नाहींत, ज्यास फक्त पायांखालची धरणी हादरल्याचें भय कळतें, अशा प्राण्याच्या सणास आपण घरांच्या कांचा थरथरवितों. ह्या भागांत ज्यास सरसकट 'डॉल्बी' म्हणतात, त्या यंत्राचे खोके गाडीवर एकावर एक रचलेले आपण सर्वांनीं पाहिले आहेत. नागपंचमी असो, गणपति असोत, कोणा थोर पुरुषाची जयंती असो, वा एखादी वरात असो, सर्वांस तेंच एक वाद्य. उलट, ज्यास रानांत नागाचा माग काढावयाचा आहे, तो गलबला करीत जाऊं शकत नाहीं. त्याला ओल्या मातीवरील सरपटल्याची खूण पाहावी लागते, बिळाच्या तोंडाशीं थांबावें लागतें, पांखरांची एकाएकीं उठलेली कलकल कोणत्या झुडुपावर आहे हें ऐकावें लागतें. तेथें तो कोणाच्या धाकानें गप्प नसतो. त्याचें सारें चित्त कानांत व डोळ्यांत आलेलें असतें, म्हणून तो शांत असतो. आम्हांस ज्या शांततेविषयीं बोलावयाचें आहे ती ह्या जातीची आहे.

दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वीं आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या मुलीचें लग्न झालें. मार्च महिन्यांतील मुहूर्त होता. हळदीच्या रात्रीं दारांत मांडव, मांडवापुढें डॉल्बी, आणि त्यापुढें आमचे भाचे-पुतणे नाचत होते. आम्ही जन्मभर वर्गांत "गप्प बसा" म्हणणारे गृहस्थ त्या रात्रीं फेटा बांधून खुर्चीवर बसलों होतों, आणि आवाज जरा कमी करा असें म्हणावयाचें आमच्या जिवावर आलें होतें. पाहुणे काय म्हणतील, पोरांचा हिरमोड होईल, लग्न कांहीं रोज होत नाहीं, अशीं सारीं कारणें आम्हीं मनाशीं तयार ठेविलीं होतीं. रात्रीं साडेदहाच्या सुमारास शेजारची बाई आली. ती भांडावयासच आली असें समजून आम्हीं उत्तराची जुळवाजुळव केली. परंतु ती भांडली नाहीं. डोक्यावरचा पदर सावरीत तिनें एवढेंच विचारिलें, "गुरुजी, शाळंच्या एखाद्या खोलीची किल्ली मिळंल का? पोरीचा उद्या गणिताचा पेपर हाय." तिच्या मागें ती पोर पुस्तक व बॅटरी छातीशीं धरून उभी होती. आम्हीं म्हटलें, "आतां बंदच होणार आहे, अर्ध्या तासांत." ती "बरं" म्हणून गेली. वाद्य बंद झालें तेव्हां एक वाजून गेला होता. त्या मुलीचा पेपर कसा गेला, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस पुष्कळ दिवस झालें नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं कायदाहि मोडला होता, हें सांगून टाकावें. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारनें २००० सालीं केले. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही त्यांतील मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय ह्यांच्या भोंवतालचें १०० मीटरांपर्यंतचें शांतता क्षेत्र असेल तर तेथें दिवसा ५० व रात्रीं ४०. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी. सरकारला वर्षांतून कांहीं थोड्या दिवशीं मध्यरात्रीपर्यंत सूट देतां येते, पण हळदीचा दिवस त्यांत बसत नाहीं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं येथें एक लक्षांत ठेवावें. ४५ आणि ५५ ह्यांत फरक दहाचाच दिसतो, परंतु डेसिबलचें माप असें आहे कीं, दहानें आंकडा वाढला म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते, आणि वीसनें वाढला म्हणजे शंभरपट. सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालच्या निकालांत जें तत्त्व मांडलें तेंहि साधें आहे: आपल्या मनांतलें बोलण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, परंतु तें ध्वनिक्षेपकानें वाढवून दुसऱ्याच्या कानीं बळजबरीनें घालण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. डोळे मिटतां येतात, कानांस पापण्या नाहींत. म्हणून कानांची राखण शेजाऱ्यावर पडते. परंतु कायद्याचें काम येथेंच संपतें. फौजदारानें येऊन यंत्र बंद करविलें तर गल्ली गप्प बसते. ती शांत झाली असें नव्हे. उलट कोणी तक्रार केली ह्याचा शोध घराघरांतून सुरू होतो.

मग शांति मिळवावी कोठें? पुष्कळांचें उत्तर असें कीं, गांव सोडून जावें. सुटी लागली कीं गाड्या भरून मंडळी चांदोलीकडे धांव घेतात. वारणेच्या धरणापलीकडील तें रान खरोखर शांत आहे. १९८५ सालीं तें अभयारण्य झालें, २००४ सालीं राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत त्याचा समावेश झाला. परंतु तेथील शांततेंत उभे राहणाऱ्यानें हें विसरूं नये कीं, त्या रानांत पूर्वीं गांवें होतीं, चुली पेटत होत्या, आणि तीं माणसें उठून दुसरीकडे वसविलीं गेलीं तेव्हां आपणांस ती निवांत जागा मिळाली. ज्यांस अधिक काळ हवा ते इगतपुरीस जातात. तेथील धम्मगिरी ह्या केंद्रांत १९७६ पासून सत्यनारायण गोएंका ह्यांनीं विपश्यनेचीं दहा दहा दिवसांचीं शिबिरें चालविलीं, आणि त्यांत साधक एकमेकांशीं बोलत नाहींत. ज्यांना तें साधतें त्यांचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु दहा दिवसांची रजा कारकुनास कशी मिळावी, आणि दुभतीं जनावरें दारीं बांधलेल्या बाईनें कोठें जावें? शांति ही गाडीभाडें खर्चून आणावयाची वस्तु असेल तर ती आपल्यांपैकीं थोड्यांच्याच वांट्याला येईल. आणि आणली तरी ती परतीच्या वाटेवर, कर्णे वाजविणाऱ्या गाड्यांच्या रांगेंतच बहुधा संपते.

ह्याच जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचें वडगांव म्हणून सुमारें तीन हजार वस्तीचें शेतकऱ्यांचें गांव आहे. करोनाच्या सांथींत शाळा बंद पडल्या, अभ्यासासाठीं म्हणून मुलांच्या हातीं मोबाइल आले, आणि शाळा पुन्हां उघडल्या तरी ते हातांतून सुटेनात. तेव्हां १४ ऑगस्ट २०२२ रोजीं गांवानें सभा भरवून विचार केला, आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, असा नेम घातला कीं, रोज सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजावा, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे दूरदर्शनसंच व मोबाइल बंद राहावेत. त्या दीड तासांत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, नाहींतर एकमेकांशीं बोलावें. प्रथम कांहीं पुरुष मंडळींनीं ही कल्पना हंसण्यावारी नेली. परंतु बायांनीं, आपणहि मालिकांत नको तितक्या गुंततों हें मोकळेपणें कबूल करून, सारें गांवच कांहीं वेळ हें बंद ठेवूं या असें म्हटलें. आम्हांस तर ह्या कबुलींतच त्या नेमाचें बळ दिसतें.

शांततेचा आरंभ भोंग्यानें व्हावा ह्यांत विनोद आहे खरा. परंतु आमच्या शाळेची प्रार्थना तरी घंटेवांचून कोठें सुरू होते? त्या गांवाचें खरें शहाणपण भोंग्यांत नाहीं. त्यानें शांतता कोणा एकावर सोंपविली नाहीं, ह्यांत तें आहे. "मोबाइल ठेव आणि अभ्यासास बस" असें वडिलांनीं म्हणावें, आणि स्वतः मात्र त्याच खोलींत मालिका पाहत बसावें, ह्याला मुलगा गप्प बसणें असेंच समजतो. कारण तें गप्प बसणेंच आहे. जें सर्वांनीं मिळून, ठरलेल्या वेळीं, आपापल्या हातानें बंद केलें जातें, त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं. लहानाला वाटतें, मोठ्यांनींहि कांहीं सोडलें. आमच्या मतें घरांतील शांततेची पहिली पायरी हीच आहे, आणि ती पालकांनीं चढावयाची आहे.

गोंगाटांतहि फरक करावा लागेल. पिठाची गिरणी धडधडते, उसानें भरलेला ट्रॅक्टर पहाटे कारखान्याकडे घरघरत जातो, रस्त्यावर भाजीवाली ओरडते. हा पोटाचा आवाज आहे, आणि त्यास गप्प बसा म्हणण्याचा अधिकार ज्याचें पोट भरलेलें आहे त्याला नाहीं. तसेंच, ज्याच्या घरांत चार खोल्या आहेत त्याला शांतता विनासायास मिळते. एका खोलींत सहा माणसें राहतात तेथें ती शेजाऱ्यांनीं दिली तरच मिळते. आमच्या दारीं किल्ली मागावयास आलेली बाई आपल्या मुलीसाठीं नेमकें हेंच दान मागत होती, आणि आम्हीं तें दिलें नाहीं.

आतां एक आक्षेप. आमचे एक वृद्ध स्नेही म्हणतात कीं, मौन हें आपल्या मातींतलें नव्हे. आपला देव टाळ-मृदंगांत, घंटेच्या नादांत, आरतीच्या गजरांत रमतो. ह्यांत तथ्य आहे, परंतु अर्धें. पूर्वींच्या घरांत पहाटे जात्याची घरघर चाले आणि तिच्याबरोबर बायकांच्या ओव्या. तें घर निःशब्द नव्हतें, तरी झोपलेलें मूल त्यानें दचकून उठत नसे. मृदंगाच्या दोन बोलांमध्यें रिकामी जागा असते, आणि कीर्तनकार निरूपणाच्या भरांत मध्येंच थांबतो तेव्हां सारा समाज श्वास रोखून बसतो. नाद आणि निःशब्दता हीं एकमेकांचीं वैरी नव्हेत. वैर आहे तें ज्यांत रिकामी जागाच नाहीं अशा आवाजाशीं. समर्थ रामदासांनीं ह्या मुलुखांत अकरा मारुति स्थापिले. त्यांपैकीं एक आपल्या शिराळ्यांत आहे आणि एक बहे येथें, कृष्णेच्या पात्रांतील बेटावर. पावसाळ्यांत तेथें नदी दोन्ही अंगांनीं घोंघावत असते. बेटावर उभें राहिलें तर शेजाऱ्याचें बोलणें नीट ऐकूं येत नाहीं, तरी मन निवतें. कृष्णेला गप्प बसा म्हणावें असें कोणालाहि वाटत नाहीं. त्या आवाजाला आपल्याकडून कांहीं नको असतें. तो आपणांस कांहीं विकत नाहीं, आपलें मत मागत नाहीं, आपण पाहत आहों कीं नाहीं ह्याची नोंद ठेवीत नाहीं. हातांतील यंत्राच्या बारीकशा 'टिंग' ह्या आवाजास मात्र हें सर्व हवें असतें. म्हणून तो कानाला लहान पण मनाला फार मोठा.

आमच्या शाळेंत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं जें शास्त्र वाचलें जातें त्यांत एलीया संदेष्ट्याची कथा आहे. जिवाच्या भीतीनें पळालेला, थकलेला, मरण मागणारा असा तो माणूस होरेब डोंगरावरील गुहेंत येऊन राहिला. तेथें खडक फोडणारा वारा सुटला, भूमि कांपली, अग्नि पेटला; ह्यांपैकीं कशांतहि देव नव्हता. त्या सर्वांनंतर अगदीं हळुवार असा एक आवाज आला, आणि तो ऐकून त्यानें तोंडावरून वस्त्र ओढून घेतलें. विद्यार्थी ही कथा वाऱ्यासाठीं व अग्नीसाठीं लक्षांत ठेवितात. आम्हांस तिच्यांतील पुढचा भाग अधिक विचार करावयास लावतो. त्या हळुवार आवाजानें एलीयाचें सांत्वन केलें नाहीं; प्रथम त्यास विचारिलें कीं, तूं येथें काय करीत आहेस? आणि मग त्यास ज्या वाटेनें तो पळून आला होता त्याच वाटेनें परत कामावर पाठविलें.

मौनाचा हा गुण गांधीजींच्या उदाहरणावरूनहि दिसतो. दर सोमवारीं ते मौन पाळीत. त्याचा आरंभ फार मोठ्या साधनेसाठीं झाला नव्हता. सांचलेला पत्रव्यवहार व लेखन उरकण्यास एक दिवस मोकळा मिळावा, एवढाच प्रथम हेतु होता, आणि त्याचें आत्मिक मोल पुढें त्यांच्या लक्षांत आलें, असें त्यांनींच सांगितलें आहे. १९४४ सालीं तुरुंगांतून सुटल्यावर ते आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यांतील पांचगणीस विश्रांतीस येऊन राहिले होते, तेव्हांहि ते प्रार्थना चालवीत. पुढें २ जून १९४७ रोजीं, देशाच्या फाळणीची योजना पुढाऱ्यांपुढें आली त्या दिवशीं, व्हाइसरॉय माउंटबॅटन ह्यांची व त्यांची भेट झाली. तो वार सोमवार होता. गांधीजी बोलले नाहींत. जुन्या लिफाफ्यांच्या पाठीमागील कोऱ्या भागावर त्यांनीं आपलें म्हणणें लिहून दिलें. मौनाचें व्रत घेतांना आपण दोन अपवाद ठेविले आहेत, असें त्यांनीं त्यांत लिहिलें: मोठ्या अधिकारी पुरुषाशीं निकडीच्या बाबतींत बोलणें, आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणें. पहिल्या अपवादाचा लाभ त्या दिवशीं त्यांनीं घेतला नाहीं. तो घ्यावयास हवा होता कीं काय, ह्यावर इतिहासाच्या शिक्षकांनीं खुशाल वाद घालावा. आम्हांस दुसरा अपवाद अधिक मोलाचा वाटतो. आजारी माणसाची हाक आली तर मौन बाजूस ठेवावयाचें, हें ज्यानें व्रत घेतांनाच ठरविलें, त्याचें मौन दार लावून घेण्यासाठीं नव्हतें.

वडगांवची हकीकत वाचल्यावर आम्हींहि घरांत एक लहानसा नेम घातला. तिन्हीसांजेस दिवा लागला कीं पाव तास सर्व यंत्रें कपाटांत ठेवावयाचीं, आणि ज्यास जें वाटेल तें, पण न बोलतां करावयाचें. दीड तास आमच्यानें झाला नसता. पहिल्या दिवशीं आमच्या नातवानें चौदा वेळां "झाला का पाव तास?" असें खुणेनें विचारिलें. आमची स्थिति त्याहून बरी नव्हती. कोणीतरी निरोप पाठविला असेल, कोठें कांहीं घडलें असेल, आणि तें आपणांस सोडून साऱ्या जगास कळलें असेल, असें सारखें वाटत होतें. जीभ बंद झाली कीं मनांतील डॉल्बी सुरू होते, हा अनुभव प्रत्येकास येईल. तो आला म्हणून आपल्यांत कांहीं उणें आहे असें विद्यार्थ्यांनीं समजूं नये. चार-सहा दिवस गेल्यावर मात्र हळूहळू ऐकूं येऊं लागलें: भिंतीवरील पालीचें चुकचुकणें, शेजारच्या गोठ्यांतील म्हशीच्या साखळीचा खळखळाट, पन्हळींतून उतरणारें पाणी. एवढ्यावर थांबलें असतें तर फार सुखाचें झालें असतें, आणि हा लेख आम्हीं येथेंच संपविला असता.

परंतु त्यापुढेंहि एक आवाज होता. एके संध्याकाळीं, कशाचीहि आठवण काढीत नसतां, "गुरुजी, किल्ली मिळंल का?" हे शब्द जसेच्या तसे कानीं आले. इतकीं वर्षें ते तेथेंच होते. आम्हींच त्यांच्यावर दिवसभराचा गलबला रचून ठेविला होता. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच, तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. ज्यांस मौनांत पहिल्याच दिवशीं आनंद मिळाला असेल ते भाग्यवान. आम्हांस तरी तेथें प्रथम उधारीची वहीच सांपडली, आणि आमची समजूत अशी होऊं लागली आहे कीं, ज्या शांतीचा एवढा गौरव होतो तिची वाट ह्या वहीच्या पानांतूनच जात असावी. खात्यावरची रक्कम तशीच ठेवून पुढें जाऊं पाहणाऱ्यास रोज त्याच पानाशीं थांबावें लागतें.

म्हणून एका रविवारीं आम्ही उठून शेजारीं गेलों. दोन्ही घरांमध्यें पंधरा पावलांचें अंतर आहे. तें चालावयास आम्हांस कांहीं वर्षें लागलीं होतीं. ती मुलगी आतां मोठी झाली आहे; सुटीस म्हणून घरीं आली होती आणि अंगणांत कपडे वाळत घालीत होती. तिच्या आईनें घोंगडी अंथरली, चहा टाकला. आम्हीं बरेच आढेवेढे घेऊन शेवटीं विचारिलें, "बाळ, त्या साली तुझा गणिताचा पेपर कसा गेला होता?"

तिला प्रथम कांहीं कळलेंच नाहीं. मग ती हंसली आणि म्हणाली, "गेला कीं गुरुजी, काठावर सुटले. त्या रात्री प्रमेयं काही डोक्यात शिरली नाहीत. गाणी मात्र अजून सगळी पाठ आहेत."

तिची आईहि हंसली. आम्हांस हंसतां आलें नाहीं. आम्हीं चहा घेतला, आणि बराच वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं.